बिननंबरचे पत्रे

मी काय काम करते, हे माझी आई पाहुण्यांना एका दमात सांगते. "ते बिल्डिंगले चमकते पत्रे लावतात ना, ते ही लावते. पण कॉम्प्युटरवर." पाहुणे माझ्याकडे बघतात, मी कपाकडे बघते, आणि विषय सोयाबीनच्या भावाकडे वळतो. इतक्या वर्षांत मलाही याहून बरं सांगता आलेलं नाही. तरी इथे प्रयत्न करते.

नव्या दुकानाच्या, दवाखान्याच्या, मंगल कार्यालयाच्या समोरच्या बाजूला हल्ली विटांची भिंत दिसत नाही. तिच्यापुढे लोखंडी सांगाडा उभा करतात आणि त्यावर ॲल्युमिनियमची पॅनेलं बसवतात. आमच्याकडे सगळे त्यांना पत्रेच म्हणतात. सगळे पत्रे सारखे असतील तर माझी गरज नाही, फिटर डोळे मिटून बसवतात. पण भिंतीला बाक हवा असेल, लाट हवी असेल, पश्चिमेचं ऊन अडवायला कुठे बारीक आणि कुठे मोठी छिद्रं हवी असतील, तर प्रत्येक पत्रा वेगळा होतो. असे शंभर-दीडशे वेगवेगळे पत्रे हाताने काढत बसलं तर एक दुकान उघडेपर्यंत दुसरं बंद पडेल.

म्हणून मी पत्रे काढत नाही. मी नियम लिहिते. ठिपक्यांची रांगोळी आठवून बघा. ठिपके घातले आणि कुठला ठिपका कशाला जोडायचा हे ठरलं की रांगोळी ठरली. आता समजा, एक ठिपका बोटाने सरकवला आणि अख्खी रांगोळी आपोआप त्याप्रमाणे वळली, तर? माझं सॉफ्टवेअर तेच करतं. पडद्यावर एक सरकपट्टी असते. ती थोडी सरकवली की भिंतीची लाट उंच होते, आणि सगळे पत्रे आपली मापं बदलून पुन्हा एकमेकांना चिकटून उभे राहतात. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून मी टाळीसुद्धा वाजवली.

ही सरकपट्टी गिऱ्हाइकाला दाखवायची नसते, हे मी ढाणकीला शिकले. तिथल्या एका कृषी केंद्राच्या मालकांनी खुर्ची ओढून माझ्या लॅपटॉपशेजारी बैठक मारली. "अजून थोडं वळवा. अजून. हां, आता जरासं मागं." दुपार त्यात गेली. बियाणं न्यायला आलेले लोकही मत देऊ लागले. शेवटी त्यांनी बायकोला बोलावलं. बाईंनी पदराने हात पुसत पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पयले होतं तेच बरं होतं." पहिल्यांदा सपाट भिंत होती. ती अजून सपाट आहे.

मी फार बोलत नाही. यवतमाळातल्या इंग्रजी शाळेत वर्गात मराठी बोलायची बंदी होती आणि इंग्रजीत बोलायचं धाडस नव्हतं, त्यामुळे गप्प राहणं मला अंगवळणीच पडलं. साइटवर सगळे वऱ्हाडीत बोलतात, मला सगळं कळतं, पण माझ्या तोंडून पुस्तकातली मराठी निघते आणि मग लोक एकदम सावरून बसतात. "इंजिनिअर कुठं हाये?" असं मला विचारून झाल्यावर, "मीच," म्हटलं की, "नाई, मोठे इंजिनिअर," असा पुढचा प्रश्न येतो. मी भांडत नाही. बाजूला उभी राहते आणि बघत राहते. न बोलणाऱ्या माणसाला बरंच काही दिसतं. दारव्ह्याला मात्र जे दिसलं, त्याचं काय करावं हे मला कळेना.

दारव्ह्याला दिनेश राठोड यांचं कापडाचं जुनं दुकान होतं. घराला लागूनच त्यांनी दोन मजली नवं बांधलं, दसऱ्याला उद्घाटन ठरलं. "भिंत कशी पायजे, तागा उलगडल्यावानी," दिनेशभाऊ म्हणाले होते. इतकं नेमकं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी भिंतीला कापडाच्या घड्यांसारख्या लाटा दिल्या. त्या लाटांमुळे एकही पत्रा दुसऱ्यासारखा राहिला नाही, आणि फरक असा की डोळ्यांना दिसू नये. एक बाजू दोन-चार मिलिमीटरनं कमी, दुसरी तेवढीच जास्त. एक पत्रा चुकीच्या जागी बसला तर त्याच्या शेजारचा बसत नाही, मग त्याच्या शेजारचा.

म्हणून प्रत्येक पत्र्यावर नंबर असतो. नागपूरच्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापतात, भट्टीत रंग पक्का करतात, वर ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकची पातळ पन्नी चिकटवतात आणि त्या पन्नीवर नंबराचं स्टिकर लावतात. फिटर तो नंबर नकाशात बघतो आणि पत्रा जागेवर चढवतो. पन्नी काढायची ती अगदी शेवटी, सगळी भिंत उभी राहिल्यावर.

दसरा तोंडावर आला असताना अन्सारभाईंचा फोन आला. ते पांढरकवड्याचे, फिटरांच्या टोळीचे प्रमुख. आमच्या जिल्ह्यात लाटेची भिंत नीट उभी करणारी दुसरी टोळी मला माहीत नाही.

"मॅडम, लफडा झाला. या तुमी."

"काय झालं?"

"पत्रे हायेत. नंबर नाहीत."

मी पहिली एसटी पकडली. दिनेशभाऊंच्या घराच्या अंगणात पत्र्यांचे गठ्ठे भिंतीला टेकवून ठेवले होते. एकावरही पन्नी नव्हती. इतके स्वच्छ पत्रे मी साइटवर कधी पाहिले नव्हते. पाण्याने धुऊन, फडक्याने कोरडे केलेले, आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या पहिल्या पत्र्यावर हळदी-कुंकवाचं बोट. अंगणात उभ्या असलेल्या माणसांची तोंडं त्यांत तुकड्यातुकड्यांनी दिसत होती, आणि सगळी रागावलेली होती.

"याच्या पोट्ट्यायनं काढली पन्नी," दिनेशभाऊ मला म्हणाले. "माह्या मायनं धुऊन कुंकू लावलं तेवढं. हे इथं अंगणात जेवतात, नव्या दुकानात झोपतात. दुसरं कोन काढन?"

"आमी कायले काढू भाऊ?" टोळीतला एकजण म्हणाला. "आमाले का पन्नी खायची हाये?"

"तोंड चालवू नोको."

अन्सारभाई काहीच बोलले नाहीत. फडक्याने स्क्रू पुसत राहिले. मला वाटलं, माझ्यासारखाच स्वभाव असेल.

भिंत दसऱ्याला उभी राहिली, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझी करामत एवढीच की मी नियम उलटा चालवला. एरवी मी सॉफ्टवेअरला विचारते, अमक्या जागेच्या पत्र्याची मापं काय? आता विचारायचं होतं, अमक्या मापांच्या पत्र्याची जागा कुठली? पत्र्याच्या चार बाजू आणि दोन कर्ण मोजले की तो ओळखता येतो. मी ओसरीवर लॅपटॉप मांडून ते लिहायला बसले, आणि टोळी अंगणात एकेक पत्रा आडवा टाकून मोजू लागली. पहिले काही पत्रे ओळखूच येईनात. मग लक्षात आलं की दोन माणसांचे दोन टेप एकमेकांशी जुळत नव्हते, एकाच्या टोकाचा हुक वाकलेला होता. तो टेप बाजूला ठेवला. त्यानंतर पडद्यावर पहिल्यांदा एका पत्र्याची जागा लाल झाली, म्हणजे सापडली. मी ती वाचून दाखवली. अन्सारभाईंनी पत्र्याच्या पाठीवर खिळ्याने नंबर कोरला.

"आता धुवा म्हणा कितीबी," टोळीतला तो मघाचा माणूस म्हणाला. सगळे हसले. दिनेशभाऊ हसले नाहीत. ते फाटकापाशी फोनवर बोलत होते आणि मी ओसरीवर होते, त्यामुळे मला ऐकू येत होतं.

"जावईबापू, तुमच्या लॉनचं काम त्या अन्सारले देऊ नोका. ... नाई नाई, कामाची अक्कलच नाई. मी आता सगळ्यायले सांगून राह्यलो. वणी, उमरखेड, कोनीच देनार नाई पाहा त्याले."

जावयांच्या पांढरकवड्यातल्या त्या लग्नाच्या लॉनच्या कामाबद्दल अन्सारभाईंनी मला महिनाभर आधी सांगितलं होतं. गावातलं पहिलं मोठं काम. एरवी कुठे कुठे जाऊन राहावं लागतं, हे घरून जाऊन-येऊन होणार होतं. आमच्या धंद्यात जाहिरात नसते. एक मालक दुसऱ्याला फोन करतो, त्यावर टोळी जगते किंवा बसते.

पाणी प्यायला मी घरामागे गेले. तिथे आंघोळीचं पाणी तापवायची चूल आहे. चुलीच्या राखेत वितळून गोठलेल्या प्लॅस्टिकचा काळा गोळा होता, आणि त्याच्या कडेला स्टिकरचा न जळलेला एक पांढरा कोपरा. त्यावर माझ्याच फाँटमधलं अर्धं अक्षर. घरामागच्या या चुलीकडे टोळीतलं कोणी येत नव्हतं. त्यांची आंघोळ अंगणातल्या नळावर.

परत आल्यावर मी अन्सारभाईंजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "मागच्या चुलीत पन्नी जाळलेली आहे."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "पाह्यलं मी."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? तुमच्या मायनं केलं? सकाळी अंगनात आलो तं म्हातारी ओल्या फडक्यानं शेवटचा पत्रा पुसून राह्यली होती, बाजूले पन्नीचा ढीग. मले पाहून हासली. म्हने, पाहा कसे झाले." ते थांबले. "मायच्या वयाची हाये, मॅडम. तुमी पन चूप राहा. तुमाले तं जमते ते."

शेवटचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला ते लागलं.

दिनेशभाऊंच्या आईला घरात, दुकानात, सगळे याडी म्हणतात. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. जुन्या दुकानात दाराजवळच्या गादीवर त्या बसत. कोणी आत आलं की आधी त्यांना रामराम, मग कापड. मी आत गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात एकट्याच बसल्या होत्या, समोर निवडायला तुरीची डाळ, आणि हात थांबलेले. अंगठ्याचं नख कडेला सोललं होतं.

"बस वं बाई," त्या म्हणाल्या. "सापडून राह्यले का पत्रे?"

"सापडतायत."

"समदे सापडतीन ना?"

"सगळे."

त्यांनी डाळीत बोटं फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माही सासू सांगे. आपले लोक लदेनीवर जात, बैलावर माल लादून गावोगाव. माल उतरला का आंधी पुसायचा, कुंकू लावायचं, मंगच उंबऱ्याच्या आत. पन्नी हाये तवरोक वस्तू दुकानदाराची. पन्नी काढली का आपली." त्या जरा हसल्या. "सुनेनं सोफ्याची पन्नी दोन साल काढली नाई. मी म्हनो, बाई, हा सोफा अजून यवतमाळच्या दुकानदाराचाच हाये."

मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

"गाईनं खाऊ नये म्हून जाळली," त्या म्हणाल्या. "मले काय मालूम त्याच्यावर काय होतं."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? दिनेश आताच म्हनते, नव्या दुकानात कॉम्प्युटर हाये, तुले काई समजनार नाई, तू घरीच बरी. एकडाव गॅस चालू राह्यला तं आठ दिवस बोलला. आता हे समजलं तं झालंच." त्यांनी हात झटकले. "पत्रे सापडून राह्यले ना? मंग कोनाचं काय बिघडलं?"

इथे मी उठून यायला हवं होतं, असं माझ्या स्वभावाला वाटत होतं. घरातली गोष्ट होती. अन्सारभाईंनी स्वतः गप्प राहायला सांगितलं होतं. बाहेर पत्र्यांचं काम चालू होतं आणि माझं काम पत्र्यांचं. पण अन्सारभाई याडींना झाकत होते, आणि कोणाच्या पांघरुणाखाली आपण आहोत हे त्यांना माहीतच नव्हतं.

"याडी," मी म्हटलं. मी त्यांना पहिल्यांदाच तशी हाक मारली. "भाऊंनी पांढरकवड्याला फोन केला. अन्सारभाईंना तिथलं काम देऊ नका म्हणाले. आणखी कुठेच देऊ नका म्हणाले."

"कायले?"

"पन्नी त्यांच्या माणसांनी काढली असं भाऊंना वाटतं."

"अन् तो अन्सार काय म्हनते?"

"काही म्हणत नाहीत. त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं सकाळी."

त्यांनी निवडलेली डाळ एका कडेला केली. मग सूप बाजूला सारलं, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, ओढणी डोक्यावर सारखी केली. मी आधार द्यायला हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

अंगणात त्या सरळ पत्र्यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. टोळी मोजायची थांबली.

"दिनेश."

"याडी, तू आत जाय. पत्रा लागन पायाले."

"पन्नी म्या काढली."

घरात ही मंडळी आपसात त्यांच्या बोलीत बोलतात. दिनेशभाऊही घाईघाईने त्या बोलीत काहीतरी म्हणाले. याडींनी मान हलवली आणि पुन्हा मराठीतच बोलल्या, टोळीकडे तोंड करून, प्रत्येकाला कळेल असं.

"समदी म्या काढली, रातभर जागून. म्याच धुतले पत्रे, म्याच जाळली पन्नी. या लोकायनं हात नाई लावला. तू याच्या पोटावर कायले पाय देऊन राह्यला?"

दिनेशभाऊंचा चेहरा लाल झाला. "म्हूनच तं म्हनतो मी," ते सुरू झाले, "तुले काई समजत नाई, घरीच..."

"भाऊ," अन्सारभाई म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "मायले नका बोलू. वीस ठिकानी पत्रे लावले, मालक लोक लाथेनं सरकवतात. माह्या मालाले कुंकू लावनारी हे पयली भेटली."

घरातून सून दारापर्यंत येऊन थबकली. दिनेशभाऊंनी एक पत्रा उचलला, कारण नसताना दुसरीकडे ठेवला आणि म्हणाले, "अन्सारभाई, उद्या करतो मी पांढरकवड्याले फोन."

"आजच करा ना भाऊ. नंबर तं मघा लावलाच होता तुमी."

टोळी मान खाली घालून हसली. दिनेशभाऊंनी तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. "जावईबापू, ते मघाचं सोडा," एवढंच म्हणाले. नंतर चहा आला तो नोकराने नाही, त्यांनी स्वतः आणला, आणि पहिला कप अन्सारभाईंना दिला. माफी मात्र मागितली नाही. आमच्याकडे मालक चहा देतात.

याडी तोवर आत गेल्या होत्या. ताठ गेल्या, पण दारापाशी त्यांनी चौकटीवर हात टेकला. मला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की सगळं हलकं होईल. अन्सारभाईंचं झालं. याडींचं काय होणार, हे मला त्या चौकटीवरच्या हाताकडे बघताना कळेना. मी त्यांना सांगितलं ते बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटत होतं, आणि त्याची किंमत मी देत नव्हते हेही दिसत होतं.

उन्हं उतरल्यावर शेवटचे काही पत्रे अन्सारभाईंवर सोपवून मी निघाले. दिनेशभाऊ म्हणाले, "चला मॅडम, स्टँडवर सोडतो." गाडी त्यांनी बाजारातून घेतली. मग म्हणाले,

"तुमाले मालूम होतं ना?"

"हो."

"कवापासून?"

"दुपारपासून."

"मंग मले काहून नाई सांगतलं? तुमी मले सांगतलं असतं तं लोकायसमोर तमाशा झाला नसता."

एरवी मी अशा प्रश्नावर खिडकीबाहेर बघते. त्या दिवशीही बघितलं. भाजीवाल्या उरलेली भाजी गोळा करत होत्या. मग म्हटलं, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना रागावला असता आणि गोष्ट तिथेच मिटली असती. त्यांना सांगायला काही उरलं नसतं. आज त्या स्वतः येऊन बोलल्या. ज्यांना काही समजत नाही, ते असं करत नाहीत."

माझ्या अंदाजाने एखाद्या गिऱ्हाइकाशी मी इतकं सलग कधीच बोलले नव्हते. आपण फार बोललो असं वाटून मी बॅगेची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

त्यांनी गाडी स्टँडच्या अलीकडेच थांबवली. यवतमाळची बस लागलेली दिसत होती. मी उतरायला लागले तेव्हा त्यांनी फोन कानाला लावला होता. पलीकडून कोणीतरी उचलला, आणि ते त्यांच्या बोलीत बोलू लागले. पहिल्या 'याडी' या हाकेपलीकडे मला एक शब्दही कळला नाही. आवाज मात्र सकाळपासूनचा तो चढा नव्हता. मध्येच ते थांबायचे, ऐकायचे, आणि पुन्हा हळू काहीतरी विचारायचे. मी दार आवाज न करता लावून घेतलं. बस सुटली तेव्हाही त्यांची गाडी तिथेच उभी होती, आणि ते अजून बोलत होते.